आपण यांना पाहिलंत का?

मुंबई दूरदर्शनचा जुना जमाना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना एक कार्यक्रम नक्की आठवत असेल. त्यात ना गाणे, ना नाट्य, ना कुणी नामवंत पाहुणा. पडद्यावर एक छायाचित्र येई. तेही बहुधा अंधुक, कुणाच्या तरी लग्नातल्या समूहचित्रातून कापून मोठे केलेले, कडेला दुसऱ्याच कुणाचा तरी खांदा राहून गेलेला. मग एका निर्विकार आवाजात वर्णन: वय अमुक, रंग सावळा, बांधा सडपातळ, अंगात पांढरा सदरा, मराठी व हिंदी बोलतो. शेवटी कळवण्याचा पत्ता. कार्यक्रमाचे नाव होते ‘आपण यांना पाहिलंत का?’

त्या नावाची घरोघर थट्टा होई. कचेरीतून येणाऱ्याला उशीर झाला, की दार उघडणारी धाकटी मेहुणी हेच वाक्य तोंडावर फेकी. आम्हीही हसत असू. हसत नसे ती फक्त आमची आई. ती एरवी दूरदर्शनकडे पाठ करून तांदूळ निवडायची. पण हा कार्यक्रम लागला, की सूप बाजूला ठेवून चष्मा लावायची आणि एकेक चेहरा नीट पाहून घ्यायची. “अगं, तू कुठं जातेस रस्त्यावर, तुला कोण दिसणार?” असे विचारले तर म्हणायची, “दिसलाच तर ओळखायला नको?”

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे ‘द मिसिंग’ नावाची इंग्रजी मालिका. ती काही नवी नव्हे. बीबीसीने तिचे पहिले पर्व २०१४ साली ऑक्टोबरअखेर दाखवायला सुरुवात केली आणि दुसरे २०१६ साली. परंतु आमच्या घरात नव्या गोष्टी जुन्या झाल्यावरच येतात. सूनबाईंनी आग्रह धरला, चिरंजिवांनी तारा जोडल्या, आणि आम्ही उभयता ‘दोन भाग पाहून झोपू’ अशा बोलीने बसलो. रात्री दीड वाजता सौ. म्हणाली, “दूध फ्रिजमध्ये ठेवायचं राहिलं.” दूध नासले होते.

वाचकहो, हेरकथा आपल्याला नव्या नाहीत. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडावर आमची पिढी पोसली. पुढे शेरलॉक होम्सची ओळख झाली, तेव्हा तो जरा कमी धावतो एवढेच वाटले. या सगळ्या मंडळींची हुशारी बुद्धीत, नाही तर मनगटात. शिवाय त्यांच्या कथेत सुरुवातीलाच एक प्रेत पडलेले असते. ऐकायला बरे वाटत नाही, पण प्रेत ही लेखकाची मोठी सोय आहे. जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. उरते ते फक्त कोडे. हरवलेल्या माणसाच्या कथेत तसे नसते. तिथे काहीच होऊन गेलेले नसते. त्याच्याविषयी बोलताना क्रियापद कोणते वापरावे, ‘आहे’ की ‘होता’, इथूनच घरच्यांची अडचण सुरू होते.

‘द मिसिंग’मधले कुटुंब इंग्रज आहे. टोनी आणि एमिली ह्यूज आणि त्यांचा पाच वर्षांचा मुलगा ऑलिव्हर, लाडाचे नाव ऑली. २००६ सालच्या उन्हाळ्यात ही तिघे फ्रान्समध्ये सुट्टीवर निघतात, वाटेत मोटार बिघडते, आणि शालाँ द्यू ब्वा नावाच्या गावात मुक्काम करावा लागतो. (नकाशात गाव शोधू नका, ते काल्पनिक आहे आणि चित्रीकरण बेल्जियममध्ये झाले आहे.) त्या साली जर्मनीत फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा चालू होती. फ्रान्सचा सामना ब्राझीलशी, सारा गाव एका मद्यगृहाभोवती गोळा झालेला. बाप मुलाला पोहून घेऊन येतो आहे. गर्दी, आरडाओरडा, जल्लोष, आणि तेवढ्यात हात सुटतो. हात सुटतो एवढेच. कुणी काळ्या चष्म्याचा मनुष्य दिसत नाही, किंकाळी ऐकू येत नाही. बाप मागे वळतो तो तिथे मूल नसते.

पुढचे आठ भाग दोन काळांत चालतात: २००६ चे ते दिवस, आणि आठ वर्षांनंतरचे २०१४. मधल्या काळात त्या जोडप्याचा घटस्फोट झाला आहे. एमिलीने तपासाच्या वेळी मदतीला आलेल्या मार्क वॉल्श या पोलीस अधिकाऱ्याशी लग्न ठरवले आहे. टोनी दारू पितो, आणि पुन:पुन्हा त्याच गावात जाऊन लोकांची दारे ठोठावतो. गावाला तो नकोसा झाला आहे. त्याला पाहिले की त्यांना आपली बदनामी आठवते. जेम्स नेस्बिट या नटाने हा बाप असा उभा केला आहे, की त्याची कीव येते आणि त्याच्याच शेजारी बसून प्रवास करायची मात्र भीती वाटते.

आणि मग ज्युलियाँ बाप्तिस्त. हा फ्रेंच पोलीस खात्यातला तपास अधिकारी. २०१४ मध्ये निवृत्त झालेला, एका पायाने लंगडणारा. काळ कोणता चालला आहे हे विसरायला झाले, तर आम्ही त्याच्या पायाकडे पाहत असू. तुर्कस्तानात इस्तंबूलला जन्मलेल्या चेकी कार्यो या फ्रेंच नटाने ही भूमिका केली आहे. आवाज खर्जातला, बोलणे सावकाश, इंग्रजी परक्याचे आणि म्हणूनच तोलून वापरलेले. तो धावत नाही, ओरडत नाही, टेबलावर मूठ आपटत नाही. तो बसतो. आईबापांसमोर खुर्ची ओढून बसतो आणि त्यांचे संपेपर्यंत ऐकतो. खोटा धीर देत नाही. काही वाईट कळले तर ते त्यांना वर्तमानपत्रातून कळू नये, आपल्या तोंडून कळावे, याची काळजी घेतो. निवृत्तीनंतर टोनी एक धागा घेऊन त्याच्या दारी येतो: कुणीतरी काढलेल्या एका छायाचित्रात ऑलीच्या गळ्यातला रुमाल दुसऱ्याच मुलाच्या गळ्यात दिसला आहे. आठ वर्षांनी, एक रुमाल! शहाण्या माणसाने चहा पाजून वाटेला लावले असते. बाप्तिस्त ते छायाचित्र पाहतो आणि काठी उचलतो.

चिरंजिवांचे मत असे पडले, की हा अधिकारी फारच हळवा आहे. अशाने तपास होत नसतात. मी त्यांना त्यांचीच एक गोष्ट सांगितली, जी त्यांना आठवत नाही.

चिरंजीव साडेचार वर्षांचे असताना अनंतचतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर हरवले होते. वीस मिनिटे. हात माझाच सुटला. एक मोठा गणपती आला, लोक मागे रेटले गेले, मी टोपी सावरायला हात वर केला, आणि खाली आणला तेव्हा तो रिकामा होता. पोलिसांच्या मांडवात गेलो. ध्वनिक्षेपकाशी बसलेल्या हवालदाराने विचारले, “शर्टाचा रंग?” मला सांगता येईना. मी बापासारखा बाप, सकाळी त्याच्या शेजारी जेवलो होतो, आणि मला शर्टाचा रंग सांगता येईना! सौ.ने सांगितले: पिवळा, वरचे बटण तुटलेले, डाव्या चपलेचा पट्टा सेफ्टी पिनने लावलेला. हवालदार गृहस्थ वयस्क होते. त्यांनी ते लिहून घेतले, आणि मग विचारले, “ताई, तो घाबरला की काय करतो? पळतो की जागीच बसतो?” सौ. म्हणाली, “बसतो. कोपऱ्यात.” त्यांनी माणसे गर्दीत न पाठवता मांडवांच्या मागच्या कनातींकडे पाठवली. चिरंजीव एका भेळवाल्याच्या गाडीखाली, चाकाला टेकून, चुरमुरे खात बसले होते.

त्या प्रश्नाला हळवेपणा म्हणावे की तपास, हे चिरंजिवांनी ठरवावे. मला एवढे कळते, की जो आईचे ऐकून घेत नाही, त्याला कुठे पाहायचे तेच कळत नाही. बाप्तिस्तची सहृदयता ही अशी आहे. ती त्याच्या स्वभावाला लावलेली झालर नव्हे. तेच त्याचे हत्यार आहे. भिंतीवरची पोराच्या हातची एक रेघोटी म्हणजे रेघोटी नव्हे, तो ऑली आहे, हे ओळखायला ऑली कशी चित्रे काढी हे आधी कुणाकडून तरी ऐकून घेतलेले असावे लागते.

आता ज्यांना शेवट आधी कळलेला आवडत नाही, त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून फराळाकडे वळावे.

पहिल्या पर्वाच्या शेवटी काय घडले ते आपल्याला कळते. एक अपघात, आणि तो झाकण्यासाठी केलेली एकाहून एक वाईट कृत्ये. कोण, कसे, कशासाठी, सगळे कळते. पण देह मिळत नाही. आणि तिथे आमच्या घरात दोन तट पडले. एमिली जे कळले ते मानते, रडते, आणि नवा संसार मांडते. टोनी मानत नाही. शेवटच्या प्रसंगात तो रशियातल्या बर्फात, वाढलेल्या दाढीने, एका अनोळखी मुलाच्या मागे लागलेला दिसतो. पोलीस त्याला धरून नेतात. सूनबाई म्हणाल्या, एमिलीचेच बरोबर. माणसाला जगायचे असते. चिरंजीव म्हणाले, शेवट फसवा आहे, आठ भाग पाहून हातात काय आले? त्या वेळी विलायतेतही पुष्कळांनी हीच कुरकुर केली होती. सौ. कुणाच्याच बाजूने बोलली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, “हाडं तरी मिळायला हवी होती हो.”

या एका वाक्यापाशी मी पुष्कळ थांबलो. आपल्या शास्त्रकारांनाही तिथेच थांबावे लागले होते. परागंदा माणसाची बारा वर्षे वाट पाहावी आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचे दहन करावे, असा पालाशविधी त्यांनी सांगून ठेवला. देह नाही, तर निदान देहाची जागा घेणारे काहीतरी अग्नीला द्यावे. इंग्रजांच्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने बाराची सात वर्षे केली: ज्यांना खबर लागायला हवी होती त्यांना सात वर्षे लागली नाही, तर माणूस मेला असे कोर्टाने धरून चालावे. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झाला, त्यातही ही सात वर्षे कायम आहेत. विम्याचे पैसे, घराचे कागद, बँकेतली ठेव यांची वाट त्यामुळे मोकळी होते. पण कोर्ट धरून चालते म्हणून घरातले माणूस धरून चालते, असे नाही. पानिपतावर १७६१ च्या संक्रांतीला सदाशिवरावभाऊ नाहीसे झाले, आणि पार्वतीबाईंनी कुंकू पुसले नाही. पुढे भाऊसाहेब म्हणवणारा तोतया आला, कोकणात त्याने केवढे बंड माजवले, १७७६ साली त्याला देहान्त शिक्षा झाली, न. चिं. केळकरांनी त्यावर नाटकही लिहिले. नाटक तोतयाचे झाले. शनिवारवाड्यात इतकी वर्षे कुंकू लावून बसलेल्या बाईचे नाटक कुणी लिहावे, तर ते टोनी ह्यूजचेच होईल. आपण तिला मानिनी म्हणतो आणि त्याला वेडा. फरक कुठे आहे ते मला सांगता येत नाही.

दुसऱ्या पर्वात तर तोतयाचाच प्रश्न आहे. जर्मनीतल्या एका ब्रिटिश लष्करी छावणीच्या गावात, अनेक वर्षांपूर्वी नाहीशी झालेली ॲलिस वेबस्टर एके दिवशी बर्फातून चालत परत येते. घर आनंदाने वेडे होते. बाप्तिस्तला मात्र प्रश्न पडतो, की ही तीच आहे का? ज्याने आयुष्यभर आईबापांना मूल मिळवून देण्याचा ध्यास घेतला, त्यानेच आता मिळालेल्या मुलीबद्दल शंका घ्यावी, हा पेच मोठा आहे, आणि किली हॉज या नटीने आईची चलबिचल फार संयमाने दाखवली आहे. उत्तर सांगत नाही. आधीच एकाचा शेवट सांगून मी पुरेसे पाप केले आहे.

स्पष्टच सांगायचे, तर मला पहिले पर्वच अधिक भावले. दुसऱ्यात लेखकबंधूंना, म्हणजे हॅरी आणि जॅक विल्यम्स यांना, आपल्या चातुर्याची जरा भूल पडली आहे. काळ इतके मागेपुढे होतात, की सौ.ने शेवटी वहीत कोष्टक काढले. बाप्तिस्तच्या मेंदूत गाठ आहे, शस्त्रक्रिया पुढे ढकलून तो इराकपर्यंत तपासाला जातो, तेव्हा त्याच्या बायकोच्या जागी आपण असतो तर काय केले असते हा विचार मनातून जात नाही. पुढे २०१९ आणि २०२१ साली ‘बाप्तिस्त’ याच नावाने त्याची स्वतंत्र मालिका निघाली. ॲमस्टरडॅम, बुडापेस्ट, पिस्तुले आणि पाठलाग. पाहायला बरी आहे. पण ऐकून घेणाऱ्या माणसाला नायक केले, की त्याला पळवावे लागते, आणि पळताना कुणाचे काय ऐकणार?

मग मी सूनबाईंना विचारले, की असा मनुष्य खरा कुठे असेल का? त्या म्हणाल्या, “बाबा, अंधेरीत होता की.”

नाव राजेंद्र भोसले. मुंबईच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यातले सहायक फौजदार. २००८ ते २०१५ या काळात त्या ठाण्याच्या हद्दीतून १६६ मुली बेपत्ता झाल्याची नोंद होती. भोसल्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांपैकी १६५ शोधून काढल्या. राहिली एक. सात वर्षांची मुलगी, २०१३ च्या जानेवारीत शाळेत जायला निघाली आणि नाहीशी झाली. (हरवलेल्या प्रत्येक मुलाची तक्रार गुन्हा म्हणून नोंदवलीच पाहिजे आणि अपहरण झाले असे धरूनच तपास सुरू केला पाहिजे, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच वर्षीच्या मे महिन्यातला.) २०१५ साली भोसले निवृत्त झाले. निवृत्तीच्या दिवशी १६५ चा आकडा घेऊन घरी जाणाऱ्याला कुणी काही म्हटले नसते. पण ते त्या एका मुलीचे छायाचित्र जवळ बाळगून हिंडत राहिले. तिच्या घरी जात, काही कळले का विचारत. बाप्तिस्तला निदान लेखकांनी धागा पुरवला होता. यांच्याजवळ रुमालसुद्धा नव्हता.

मुलगी २०२२ च्या ऑगस्टमध्ये सापडली. ती सोळा वर्षांची झाली होती, आणि तिच्या घरापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर होती. मूल नसलेल्या एका जोडप्याने तिला नेले होते आणि पुढे स्वतःचे मूल झाल्यावर तिला कामाला जुंपले, असा पोलिसांचा आरोप. भोसले तेव्हा निवृत्त होऊन सात वर्षे झाली होती.

ती सापडली कशी, ते ऐकून मात्र मी सूनबाईंना तेच पुन्हा सांगायला लावले. ती ज्या घरी मूल सांभाळायला जाई, तिथे काम करणाऱ्या एका बाईला तिने आपली हकीकत सांगितली. त्या बाईने मोबाइलवर तिचे नाव घालून शोधले, आणि समोर आले ते नऊ वर्षांपूर्वीचे पत्रक: मुलीचे छायाचित्र, वर्णन, खाली कळवण्याचे दूरध्वनी क्रमांक. मुलीने स्वतःला त्या छायाचित्रात ओळखले. पत्रकावरचे क्रमांक एकामागून एक लावून पाहिले, तर ते बंद पडलेले. एक तेवढा लागला. तो शेजाऱ्यांचा होता. त्यांनी पडद्यावर मुलीचा चेहरा पाहिला आणि आईला बोलावून आणले. वडिलांना बोलावता आले नाही. ते काही महिन्यांपूर्वीच वारले होते.

सौ. हे सगळे निमूट ऐकत होती. मग उठून आत गेली आणि आमच्या घरातली ती जुनी, निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन आली, ज्यात नातेवाइकांचे पत्ते आणि क्रमांक आहेत. घरातला जुना, तारेचा फोन बंद करावा म्हणून चिरंजीव गेली तीन वर्षे मागे लागले आहेत. त्यावर कुणाचा फोन येत नाही, महिन्याचे भाडे मात्र जाते. “राहू दे तो,” ती म्हणाली. चिरंजिवांनी तोंड उघडले होते. सूनबाईंनी त्यांच्याकडे पाहिले, आणि त्यांनी ते चकली घालून बंद केले.